दोन बोटं खाली

छावणीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की उतार लागतो, आणि उतार संपायच्या आत डाव्या हाताला एक दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक लांबुळकी खोली. पुढच्या अर्ध्या भागात कुलपं, किल्ल्या, मोडक्या छत्र्या आणि त्यांच्या मधोमध बसलेला एक अबोल माणूस. मागच्या अर्ध्या भागात एक जड शिलाई मशीन, हिरव्या-करड्या कापडांचे ढीग आणि त्या ढिगांआड बसलेली त्याची बायको. छावणीतले सगळे तिला मावशी म्हणतात. काल भरती झालेली पोरं मावशी म्हणतात आणि ज्यांच्या मिशा पिकल्या तेही मावशीच म्हणतात. एकदा एका मोठ्या साहेबाने तिला ‘मॅडम’ म्हटलं, तर कोण बाई आली म्हणून तिनेच मागे वळून पाहिलं.

मावशी कपडे शिवत नाही. कुणी चुकून पडदे घेऊन आलंच तर ती मान वर न करता म्हणते, “चौकात जा, तिकडे शिंपी आहे.” तिच्याकडे येतं ते पायदळाच्या शिपायांचं अंगावरचं सामान. त्यातलं मुख्य म्हणजे जाकीट. बिनबाह्यांचं, पुढे-मागे पट्ट्यांच्या ओळी असलेलं. त्या पट्ट्यांत खिसे अडकवायचे आणि खिशांत आपला सगळा संसार भरून डोंगर चढायचा. सरकार हे जाकीट सगळ्यांना एकाच धाटणीचं देतं. सरकारच्या डोळ्यांपुढे एक शिपाई असतो, मधल्या उंचीचा, उजव्या हाताचा, ज्याला ना पोट आहे ना पाठदुखी. मावशीच्या मते असा माणूस अजून आईच्या पोटी जन्माला यायचा आहे.

म्हणून जाकीट हातात पडलं की पोरं उतारावरून खाली येतात. कुठला खिसा कुठे, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्यात माणसाचा सगळा स्वभाव उतरतो, स्वयंपाकघरात घरच्या बाईचा उतरतो तसा. उजवा हात बंदुकीवर, म्हणून गोळ्यांची मॅगझिनं डाव्या बाजूला. ती उलटी खोचायची, म्हणजे तोंडात माती जात नाही. हाताला सगळ्यात सोपं पडणारं मॅगझिन शेवटपर्यंत राखायचं. सवड असते तेव्हा अडचणीतलं काढावं आणि घाई होईल त्या वेळेसाठी सोपं ठेवावं. छावणीतल्या बुजुर्ग हवालदाराने मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला ते इतकं पटलं, की तिने घरातले डबेसुद्धा तसेच लावून टाकले. नवरा बिचारा कितीतरी दिवस साखर शोधत होता.

पोटावर जाड काही ठेवायचं नाही, नाहीतर जमिनीवर पालथा पडलेला माणूस अधांतरी राहतो आणि दुरून दिसतो. लोंबणारी पट्ट्यांची टोकं गुंडाळून चिकटपट्टीने बांधायची, नाहीतर झुडपं ती धरून ठेवतात. झिपला दोरीची गाठ मारायची, हातमोज्यातूनही सापडावी म्हणून. आणि काही वाजता कामा नये. शेवटची परीक्षा उडीची. सगळं अंगावर चढवून दुकानासमोर उड्या मारायच्या. काही खळखळलं की मुकाट्याने पुन्हा आत. दाढी-मिशीचे बाप्ये कुलपांच्या दुकानासमोर टुणटुण उड्या मारताहेत आणि एक बाई दारात कान देऊन उभी आहे, हे पाहून नवखा वाटसरू थबकायचा. कुलूपवाला तोंडातली खिळी न काढता त्याला हाताने खुणावायचा, चला, पुढे चला.

मावशीने काय काय नाही शिवलं. एका डावखुऱ्याचं सगळं जाकीट आरशात पाहिल्यासारखं उलटं करून दिलं. एकाला तोंडाने वाजवायच्या बाजासाठी खिसा हवा होता; तिने त्याला आतून मऊ फलालीन लावलं आणि वर दटावलं, “वाजव, पण तू वाजवशील तेव्हाच वाजू दे.” एकाने चमच्यासाठी खिसा मागितला आणि तो बंदुकीच्या तेलाच्या शेजारी नको, एवढं मात्र पुन्हा पुन्हा बजावलं. नवा शिपाई येतो तो खिसे वाढवायला. जुना येतो तो काढायला. बुजुर्ग हवालदार तर दर वेळी एखादा खिसा कमी करून जायचा. मावशी चिडवायची, “अशाने एक दिवस तुम्ही नुसत्या बनियनवर लढायला जाल.” तो म्हणायचा, “मावशी, खिसा दिसला की तो भरावासा वाटतो. आणि भरलेलं सगळं चढावर आपल्यालाच न्यायचं असतं. गाढवाला निदान तक्रार तरी करता येते.”

पण मावशीचं खरं काम दुपारी व्हायचं. दुपारी उतारावर चिटपाखरू नसतं. मागच्या खिडकीत वाळत घातलेल्या हिरव्या कापडांतून ऊन गाळून येतं, आणि खोलीत तळ्याच्या तळाशी असतो तसा उजेड पडतो. अशा वेळी मावशी तयार झालेलं जाकीट स्वतःच्या अंगात घालायची. खिशांत वाळूच्या पुरचुंड्या भरायची. स्टुलावर ताठ बसायची आणि डोळे मिटायची. मग तिचे हात चालू लागायचे. मॅगझिन. पाणी. बॅटरी. पुन्हा मॅगझिन. हाताला शोधावं लागलं की तो टाका चुकला. मग डोळे उघडायचे, ब्लेड घ्यायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं, पुन्हा मिटायचे.

आणि सगळं बरोबर जमलेलं असलं, की काहीतरी वेगळंच व्हायचं. हात थांबायचे आणि पाय सुरू व्हायचे. स्टूल जायचं, मशीन जायचं, नवऱ्याच्या कानशीचा आवाज दूर दूर जाऊन एखाद्या किड्याच्या किरकिरीएवढा उरायचा. मावशी चालत असायची. कधी लांब टांगांनी, कधी आखूड. कंबरेएवढ्या ओल्या गवतातून, जिथे पुढच्याने पाडलेली वाट मागचा येईपर्यंत पुन्हा मिटत असे. कोरड्या नदीच्या पांढऱ्या गोट्यांवरून. एकदा बर्फातून; बर्फ तिने जन्मात पाहिला नव्हता, तरी तो पायाखाली कसा करकरतो ते तिला त्या दुपारी कळलं. धुक्यात पुढे एक पाठ असायची, तिच्यापुढे आणखी एक, आणि कुणी कुणाशी बोलत नसे. ती रांग कुठे चालली आहे, हे विचारावंसं तिला कधी वाटलं नाही. त्या चालण्यात तिला कधी शत्रू भेटला नाही, कधी गोळी सुटली नाही. नुसतं चालणं, आणि अंगावर सगळं आपापल्या जागी असल्याचं सुख. जिने कधी बसचा शेवटचा थांबा पाहिला नाही, ती बाई दुपारच्या एका डुलकीत डोंगर ओलांडून यायची.

ती डोळे चोळत पुढे आली, की कुलूपवाला विचारायचा, “आज कुठवर?”

“नदी होती. पाणी नव्हतं.”

“मग तहान लागली असेल. चहा टाक,” तो म्हणायचा. त्या दोघांच्या संसारात गोड बोलणं म्हणतात ते एवढंच.

त्यांना एक लेक. ती याच कापडांच्या ढिगांत वाढली. इतर पोरींनी बाहुल्या खेळाव्यात, हिने बकलं. खट्‌ लावायचं, खट्‌ काढायचं. मशीनच्या खाली बसून ती शिपायांचे बूट बघायची आणि बुटावरून माणूस ओळखायची. पोरीने शिकून शाळेत मास्तरीण व्हावं, मुलांना रागवावं, सुट्टीत घरी झोपावं, असं मावशीच्या मनात होतं. पण मनातलं मनात राहतं. पोरगी एक दिवस केस कापून आली आणि भरती झाले म्हणाली. मावशीने अबोला धरला. तो फार टिकला नाही, कारण अबोला धरायला समोरचं माणूस घरी असावं लागतं, आणि पोरगी तर प्रशिक्षणाला निघूनही गेली होती.

ती परत आली ती याच छावणीत, पायदळाच्या तुकडीत. आणि एके दिवशी दुकानात रांग लागलेली असताना, दोन शिपायांच्या मागे, काखेत जाकीट आणि पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन उभी राहिली. त्या पिशवीला पोरं पिठ्ठू म्हणतात. तिचा नंबर आला तशी ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “मावशी, एवढं जरा करून द्याल का?”

पुढचे दोघे खो खो हसले. कुलूपवालाही हसला, तो हसतो तेव्हा फक्त त्याचे खांदे हलतात. मावशी हसली नाही. “ठेव तिथे,” ती म्हणाली. “बुधवारी ये.”

बातमी तिला आधीच कळली होती. बुजुर्ग हवालदाराने सांगितलं होतं. तुकडी महिनाअखेर पुढच्या ठाण्यावर जायची होती, तिथे, जिथून मागच्या खेपेला सगळेच परत आले नव्हते. जाण्याआधी एक चाचणी होती: पूर्ण वजन पाठीवर घेऊन टेकडीपल्याडच्या धरणापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. मागे पडेल तो जाणार नाही. तो इथेच राहणार, कोठारात. “चादरींच्या घड्या मोजत,” हवालदार म्हणाला होता आणि त्याने असं तोंड केलं होतं, जसा काही तो मरणाहून वाईट प्रकार आहे. मावशीने चादरींचा विचार केला. स्वच्छ, पांढऱ्या, एकीवर एक रचलेल्या चादरी. तिला त्यात काहीच वाईट दिसलं नाही.

जाकीट तिने आधी घेतलं. पोरीने खिसे कुठे हवेत ते खडूने आखून दिलं होतं आणि ते इतकं शहाणपणाचं होतं, की मावशीला कौतुक वाटलं आणि कौतुक वाटलं म्हणून राग आला. खिसे थोडे. पोट मोकळं. पाण्याची नळी उजव्या खांद्यावरून, डाव्या हाताने ओढता येईल अशी. दुपारी तिने ते अंगात घातलं, पुरचुंड्या भरल्या, स्टुलावर बसली, डोळे मिटले. हात बिनचूक चालले. हात थांबले. आता पाय सुरू होतील म्हणून ती वाट पाहत राहिली.

पाय सुरू झाले नाहीत. डोळ्यांपुढे तोच उतार आला, तेच दुकान, त्याच कापडातून गाळून येणारं तेच ऊन. आणि त्या उजेडात पोरगी चालत होती. मावशीच्या पायांनी नव्हे, स्वतःच्या. मावशी नुसती दारात उभी होती आणि पोरगी पाठमोरी दूर जात होती. उतार होता तो चढ झाला. चढाच्या टोकाला धुकं होतं. पाठ लहान होत गेली, पिठ्ठू लहान होत गेला, मग नुसतं धुकं उरलं. मावशी त्यात बघत राहिली, बघत राहिली, आणि दचकून उठली तेव्हा तिचे दोन्ही हात जाकिटाच्या पट्ट्या घट्ट धरून होते.

“आज कुठवर?” कुलूपवाल्याने विचारलं.

“कुठेच नाही,” ती म्हणाली. चहाही टाकला नाही.

तिला भीती वाटली होती. आजवर एवढ्या पोरांची जाकिटं तिने शिवली. त्यांतली काही पोरं परत आली नाहीत, तेव्हा तिला दुःख झालं होतं, ती जेवली नव्हती, पण भीती वाटली नव्हती. भीती ही वस्तूच वेगळी. ती फक्त स्वतःच्या पोटच्या गोळ्यासाठी राखून ठेवलेली असते.

मग तिने पिठ्ठू घेतला. पिठ्ठूचं सगळं मर्म त्याच्या कमरपट्ट्यात आहे. वजन खांद्यांनी वाहायचं नसतं, ते कमरेच्या हाडांवर बसवायचं असतं. खांद्यांनी फक्त पिशवी सावरायची. पट्टा हाडांवर नीट बसला तर माणूस दिवसभर चालतो आणि वर गप्पा मारतो. तोच पट्टा दोन बोटं खाली उतरला, तर सगळा भार खांद्यांना लोंबतो. सुरुवातीला काही कळत नाही. मग मान अवघडते, बोटांना मुंग्या येतात, पाठ वाकते, आणि मोठ्या चढावर माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो. कारखान्यात हा पट्टा लांब पाठीच्या पुरुषासाठी शिवलेला असतो. पोरीची पाठ आखूड. तो उसवून वर घ्यायला हवा होता, आणि किती वर, हे मावशीला टेप लावून पाहायची गरज नव्हती. त्या पाठीला तिने न्हाऊ घातलं होतं.

दुपार होती. खोलीत तोच तळ्यातला उजेड होता. ब्लेडने जुने टाके एकेक करून सुटले, दोऱ्याचे तुकडे मांडीवर पडले. तिने पट्टा वर घेतला. बरोबर जागेवर धरला. मग तो हळूहळू खाली आला. दोन बोटं. तिथे तिने टाचणी मारली, मशीनखाली सरकवला आणि जाड नायलॉनच्या दोऱ्याने आडवा-उभा, घट्ट, कधी न सुटणारा टाका घातला. नंतर तिने स्वतःला सांगून पाहिलं, की डोळा लागला होता, हात आपोआप चालला. काहीतरीच. झोपेत बाईला सुईत दोरा ओवता येत नाही. लबाडी करायला तर टक्क जागं असावं लागतं. ती जागी होती. प्रत्येक टाक्याला तिच्या डोळ्यांपुढे चादरी होत्या. पोरगी रुसेल, चिडेल, वर्षभर तोंड फुगवून बसेल. पण बसेल. समोर बसेल.

बुधवारी पोरगी आली. रांग नव्हती, दुकानात ते तिघंच. तिने जाकीट चढवलं, डोळे मिटून हात फिरवले, रस्त्यावर जाऊन उड्या मारल्या. काही वाजलं नाही. “वा!” ती म्हणाली. मग कोपऱ्यातल्या वाळूच्या थैल्या तिने पिठ्ठूत भरल्या, बापाने मागून उचलून दिला, आणि पट्टा आवळून ती उतार चढून वर पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. मावशी बॉबिन भरत बसली. बॉबिन भरून झालं, तरी ती भरतच राहिली.

पोरगी परत आली. पिठ्ठू उतरवून तिने मशीनजवळ ठेवला आणि मशीनपाशीच जमिनीवर बसली. कपाळावरचा घाम पुसला. खांदे गोल फिरवले.

“कमरेवर बसत नाहीये,” ती म्हणाली.

“नवा आहे. बसेल.”

“हा नव्याचा दोष नाही.” तिने पट्ट्याच्या टाक्यावरून अंगठा फिरवला. “केवढा सुंदर टाका घातलायस. पण दोन बोटं खाली आहे.”

मावशीने मान वर केली नाही. पुढे कानशीचा आवाज थांबला होता.

“आई,” पोरगी म्हणाली, “सगळ्या छावणीत तुझा हात कधी चुकला नाही. माझ्याच वेळी कसा चुकेल?”

“चुकला नाही,” मावशी म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज चढेल, पण तो अगदी बारीक निघाला. “मीच घातला तिथे. तू जाऊ नयेस म्हणून. रागाव मला. काय बोलायचं ते बोल. पण मला तू इथे हवी आहेस.”

पोरगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मावशीकडे भांडणाची सगळी तयारी होती. पोरीने गुडघे छातीशी घेतले, लहानपणी मशीनखाली बसायची तशी बसली.

“मी मागे पडले, तर माझी जागा रिकामी नाही राहत गं,” ती म्हणाली. “ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात. तोही त्याचा पिठ्ठू घेऊन तुझ्याकडेच येईल. त्याचा पट्टा कुठे लावशील?”

उत्तर मावशीला माहीत होतं. त्याचा पट्टा तिने बरोबर हाडांवर लावला असता. उड्या मारून घेतल्या असत्या, लोंबणारी टोकं बांधून दिली असती, आणि दुपारी त्याचं जाकीट घालून मजेत डोंगर हिंडून आली असती. इतकी वर्षं तिने तेच केलं होतं. त्या प्रत्येक पाठीला कुणीतरी न्हाऊ घातलं होतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही; पण तिने ते कधी डोळे मिटून पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं. ते तिने लपवलं नाही. पोरीने ते पाहिलं, पण उठून जवळ आली नाही. तिथेच, मशीनच्या पायापाशी, आईच्या पावलावर हात ठेवून बसली.

कुलूपवाला पुढून आला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. मशीनवरचं ब्लेड बोथट झालं होतं, ते उचललं आणि एक नवं काढून ठेवलं. “हे घे,” तो म्हणाला आणि पुन्हा आपल्या कुलपांकडे गेला.

इतका घट्ट टाका उसवायला फार वेळ लागतो. मावशीने स्वतःलाच मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, एवढा दोरा कशाला घातलास म्हणून. मग तिने पोरीला उभं केलं. या खेपेला तिने टेप घेतला. गरज नव्हती, तरी घेतला. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत माप घेतलं, बोटांनी दोन्ही बाजूंची हाडं चाचपली, “श्वास घे” म्हणाली, “सोड” म्हणाली, “जेवतेस की नाही तिकडे?” म्हणाली. पट्टा वर गेला आणि जिथे जायला हवा होता तिथे बसला. पोरगी वजन घेऊन टाकीपर्यंत गेली आणि येताना उतारावरून पळत आली.

चाचणीत ती मागे पडली नाही. पहिली आली असंही नाही. मधे कुठेतरी आली, घाम पुसत, कुणाशी तरी बोलत. हवालदाराने दुकानात येऊन हे सांगितलं, तेव्हा मावशीने ‘बरं’ म्हटलं आणि त्याला एका खिशावरून उगाचच झापलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी जाकीट पुन्हा दुकानात आलं. एकच काम राहिलं होतं. जखमेची पट्टी ठेवायचा छोटा खिसा. बाकी सगळे खिसे ज्याने त्याने आपापल्या मर्जीने लावावेत, पण हा एक खिसा तुकडीत सगळ्यांचा एकाच ठिकाणी असतो, डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर. हा एकच खिसा असा, की तो स्वतःच्या हातासाठी लावायचा नसतो. माणूस पडला, तर त्याचीच पट्टी काढून त्याला बांधायची. आणि काढणारा हात दुसऱ्याचा असतो. मावशीने असे किती खिसे लावले, त्याला गणती नव्हती. हा लावताना मात्र तिने समोर उभ्या असलेल्या पोरीला विचारलं, “रांगेत तुझ्या मागे कोण असतं?”

“लंबू म्हणतात त्याला. का?”

“बोलाव त्याला.”

लंबू आला. दारात वाकून आत शिरला आणि आत आल्यावरही थोडा वाकलेलाच राहिला, छताला लागेन की काय म्हणून. वय पोरीएवढंच. ओठांवर मिशी येऊ की नको असं करणारी. त्याला वाटलं त्याच्या सामानात काही चूक निघाली. “मावशी, मी तर सगळी टोकं बांधलीत,” तो आल्या आल्या म्हणाला.

“डोळे मिट,” मावशी म्हणाली.

त्याने घाबरून मिटले. मावशीने जाकीट चढवलेल्या लेकीला त्याच्यापुढे जमिनीवर बसवलं, मग तिचे खांदे दाबून आडवं केलं. पोरगी हसायला लागली. “अगं आई, हे काय!”

“गप्प पडून राहा. लंबू, ही पडली आहे. अंधार आहे. हिची पट्टी काढ.”

लंबू गुडघ्यांवर बसला. त्याचा लांब हात आधी मॅगझिनवर गेला, तिथून पाण्याच्या नळीवर, मग कॉलरपाशी चाचपत राहिला. “थांबा, थांबा,” तो पुटपुटला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पोरगी हसायची थांबली. खोलीत हिरवा उजेड होता आणि पुढे कुलूपवाला हातातलं काम खाली ठेवून बघत होता.

मावशी रागावली नाही. खाली बसली. तिने तो परका, खरखरीत, घामेजलेला हात आपल्या हातात घेतला आणि लेकीच्या डाव्या खांद्यावर नेऊन ठेवला. बोटं खिशाच्या तोंडावर दाबली. ओढायची गाठ त्याच्या अंगठ्यात दिली. क्षणभर तिचा हात त्याच्या हातावर तसाच राहिला. मग तिने तो काढून घेतला.

“आता तूच,” ती म्हणाली.

लंबूने हात मागे घेतला आणि पुन्हा आणला. थोडा चुकला, सरकला, लागला. पट्टी बाहेर आली. मावशीने ती परत खिशात घातली.

“पुन्हा.”

हात आला. या खेपेला कमी चुकला.

“पुन्हा.”

“आई, पुरे गं,” पोरगी आडव्यानेच म्हणाली, पण हळू म्हणाली.

हात वरून खाली आला, थेट, कुठेही न शोधता, आणि खांद्यावर बरोबर जागी थांबला; पट्टी बाहेर आली. लंबूने डोळे मिटलेलेच ठेवले होते.

“सापडलं, मावशी.”

मावशीने पट्टी खिशात घातली, झाकण दाबून बंद केलं आणि मागे सरकून त्याला जागा करून दिली.

“पुन्हा,” ती म्हणाली.